जोतिरामच्या घोंगड्यातली कुसळं

आमच्या बिल्डिंगच्या खालीच मल्लप्पाचा फोटो स्टुडिओ आहे. मल्लप्पा माझ्याच वयाचा. दोघांनाही घरी फारसं कुणी विचारत नाही, म्हणून सकाळचा चहा झाला की मी त्याच्या बाकावर जाऊन बसतो. तिथं बसून मी बरंच बघितलंय, पण आज सांगतो ते त्याच्या सुनेबद्दल.

दानेश्वरी तिचं नाव. माहेर अक्कलकोटकडचं. आईशी फोनवर कानडीत बोलते, गिऱ्हाइकाशी मराठीत, आणि बिघडलेल्या यंत्राशी काहीच बोलत नाही, नुसती त्याच्याकडं बघत बसते. लग्न होऊन आली तेव्हा तिला कॅमेऱ्याचं झाकणसुद्धा काढता येत नव्हतं, असं मल्लप्पा सांगतो. ती म्हणते, झाकण आधीच हरवलेलं होतं. खरं कोण, ते मी विचारलं नाही. नवरा लग्नांच्या शूटिंगला बाहेरगावी असतो आणि दुकान ही चालवते.

मल्लप्पा म्हणजे जुना रिटचर. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून त्यानं अर्ध्या सोलापूरच्या तोंडावरचे देवीचे वण घालवलेत. एका नवरदेवाचे तर इतके घालवले की सासरच्यांनी फोटोतला आणि मांडवातला एकच का, म्हणून चौकशी केली होती. फोटो आपल्या हाताखालून गेल्याशिवाय दुकानाबाहेर जायचा नाही, हा त्याचा नियम. कॉम्प्युटर आला तरी नियम तोच. कोपऱ्यात तांबड्या अक्षरात ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न’ लिहायचं, फोटो जरा उजळ करायचा, मग द्यायचा.

सांगोल्याकडचा जोतिराम घोंगडी विणतो. पुण्यात हातमागाचं एक प्रदर्शन भरायचं होतं आणि माल फोटो बघून निवडणार होते. त्यानं दानेश्वरीकडून फोटो काढून घेतले, पाठवले. तिकडून उलट निरोप आला, हे घोंगडं गिरणीचं दिसतंय, हातची लोकर दिसत नाही, सोमवारपर्यंत नीट फोटो पाठवा, नाहीतर नाव काढू.

जोतिराम घोंगडं खांद्यावर टाकूनच दुकानात आला.

“बाई, माज्या घोंगड्याला इस्त्री मारलीया काय तुमी?”

“इस्त्री कशाला मारू, जोतिरामदादा?”

“मग ह्यातली लोकर कुटं गेली? मेंढरू गुळगुळीत असतंय व्हय?”

फोटो मीही बघितला. काळ्या लोकरीवर फरशी बसवल्यासारख्या बारीक चौकटी. काठाची तांबडी रेघ आपली जागा सोडून बाहेर ओघळलेली. कोपऱ्यातल्या देवाच्या नावाभोवती तर चिलटं घोंगावल्यासारखं काहीतरी.

दानेश्वरीनं लेन्स पुसली, घोंगडं उन्हात पसरलं, परत फोटो काढले. दुसऱ्या दिवशी पाठवायला घेतले, तर परत तेच. कार्ड बदललं, माझ्या मुलाच्या लॅपटॉपवर बघितलं, तिथंही तेच. मग तिनं कॅमेऱ्यातला मूळ कच्चा फोटो उघडला. त्याला ती रॉ म्हणते. त्यात केसन् केस जागेवर. त्याचं स्वतः जेपेग करून बघितलं, म्हणजे फोटो दाबून पाठवण्याजोगा हलका केला, तर तोही स्वच्छ. तिच्या टेबलावर फोटो चांगला आणि दारातून जाताना खराब. टेबल आणि दार यांच्यामध्ये मल्लप्पाची खुर्ची.

ती उठून मल्लप्पाच्या खुर्चीपाशी गेली. मग म्हणाली, “मामा, एक फोटो किती वेळा सेव्ह करता?”

“मनासारखा होईस्तोवर.”

“म्हणजे?”

“नाव वाकडं वाटलं की उघडायचा, सरळ करायचं, सेव्ह. जेवून आलो की परत बघायचा. निगेटिव्हवर दहा हात फिरवायचो, तेव्हा काही झालं नाही.”

“जेपेगचं तसं नसतं. दर वेळी तो थोडं टाकून देतो. त्यात फाइल हलकी राहावी म्हणून तुमच्याकडं दर्जा कमीवर ठेवलेला आहे.”

मला रसवंतीवरचा ऊस आठवला. चरकात परत परत घालत राहिलं की शेवटी हातात चोथाच येतो, आणि चोथ्याचा परत ऊस होत नाही.

“देवाच्या नावानं फोटो नासतो म्हणतेस?” मल्लप्पा म्हणाला.

“नावानं नाही मामा. परत परत सेव्ह केल्यानं.”

तिनं त्याचाच सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेतला फोटो घेतला आणि तो करतो तसंच त्याच्यासमोर करत गेली. नाव जरा सरकवलं, सेव्ह. जरा उजळ केला, सेव्ह. हळूहळू मल्लप्पाच्या मिशीतले केस एकमेकांत मिसळले.

“डांबर फासल्यागत दिसतीय,” मी म्हणालो.

“तू गप रे, कोंडीबा.”

सकाळीच परत येऊन बसलेला जोतिराम हसला नाही. त्याला सोमवारची काळजी होती.

“इथनं पुढं नाव रॉवरच घालू, मग एकदाच जेपेग करू,” दानेश्वरी म्हणाली. “पण पुण्याच्यांना कोपऱ्यात काहीच नकोय.”

“मग मी काय करायचं?”

“तुम्ही बघा, काही राहिलंय का.”

मल्लप्पानं चष्मा पुसला आणि कच्चा फोटो मोठा करून बघत बसला. थोड्या वेळानं बोट ठेवून म्हणाला, “हे बघ, कुसळ. इथंपण एक आहे. काढतो.”

“ऱ्हाऊ द्या की,” जोतिराम म्हणाला. “माळाचं कुसळ हाय त्ये. मेंढराच्या अंगावरनं लोकरीत येतंय. किती झाडलं तरी एकादं ऱ्हातंयच.”

मल्लप्पाचा हात माउसवर होता. त्यानं सुनेकडं बघितलं. मग त्यानं हात काढून मांडीवर ठेवला. फोटो तसाच गेला, बिननावाचा.

मंगळवारी जोतिरामला पुण्याहून फोन आला. लोकरीत पिवळं पिवळं काय दिसतंय, असं तिकडच्या बाईंनी विचारलं. त्यानं कुसळाचं सांगितलं. मग हातचंच आहे, म्हणाल्या, घोंगडं घेऊन या.

दानेश्वरीनं त्या फोटोची मोठी प्रत काढून दुकानात टांगली आहे. मल्लप्पा येता-जाता त्यातली कुसळं बोटानं झटकून बघतो.