माउलीच्या साडीचा वास

नातू चौथ्या दिवशी पिवळा दिसायला लागला तेव्हा मी देवीवर रागावले होते, हे आधीच सांगून टाकते. जांबोटीच्या पुढचं आमचं गाव. दर मंगळवारी पाऊस असो, चिखल असो, मी माउलीच्या देवळात जातेच. आणि लेकीच्या पहिल्याच बाळंतपणात हे असं व्हावं? सकाळी दिवा लावताना देवीकडे बघितलंसुद्धा नाही. वात पुढे केली आणि उठले.

आमच्याकडे बारा दिवस बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत, जुनंच मऊ कापड घेतात. माझ्याकडे तर त्याहून मोठी वस्तू होती. लेकीला दिवस गेले तेव्हा गुरवानं माउलीच्या अंगावरची हिरवी सुती साडी मला प्रसाद म्हणून दिली होती. कसर लागू नये म्हणून मी ती ट्रंकेत डांबरगोळ्या घालून सात महिने जपली. दवाखान्यातून बाळ घरी आलं तसं त्याला त्याच साडीत गुंडाळलं. साडी धुतली नाही, उन्हातही टाकली नाही. धुतली तर प्रसाद कसला, असं माझं मत होतं, आणि माझी मतं मी सहसा कुणाला विचारून बनवत नाही.

आधी कोवळ्या उन्हात धरून बघितलं. फरक पडेना. लेक म्हणाली, "आई, डोळं बी पिवळं दिसाय लागल्यात गं. दूध बी ओढत न्हाय." माझ्या आईचा एक मुलगा असाच पिवळा होऊन आठव्या दिवशी गेला होता. त्याला वारं लागलं, एवढंच घरात म्हणायचे. मी ते लेकीला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्या दिवशीही सांगितलं नाही. सकाळच्या बसनं बेळगावला निघालो.

बसमध्ये आमच्या शेजारी एक बाई बसली होती. माझ्याच वयाची, मांडीवर कापडी पिशवी. थोडा वेळ ती नुसती इकडेतिकडे हुंगत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आक्का, डांबरगोळीचा वास कुठनं येतोय गं?"

"ह्या साडीचा. माउलीची हाय," मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

तिनं बाळाचं तोंड बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "आधी काढ ती. माझ्या भाच्याला असंच झालतं. काही पोरांना ह्यो वास सोसत न्हाय, रक्त फुटतंय आतल्या आत. आणि डॉक्टरला गोळ्यांचं सांगाय इसरू नको."

मी म्हणाले, देवीची साडी अशी बसमध्ये सोडतात होय? खरं म्हणजे मला त्या बाईचा रागच आला. पण लेकीनं माझ्याकडे नुसतं बघितलं. बाईनं पिशवीतून धुतलेला पंचा काढून माझ्यापुढे धरला. तिनं हात मागे घेतला नाही. मग मीच साडीची गाठ सोडली. लेकराला पंच्यात गुंडाळलं, साडीची घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली. त्या वेळी वाटलं, देवीलाच बांधून ठेवते आहे. पिरनवाडीला ती बाई उतरून गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना मी पहिल्यांदा डांबरगोळ्यांचंच सांगितलं. त्यांनी लगेच मान वर केली आणि विचारलं, "तुमच्या माहेरी कुठल्या बाळाला अशी कावीळ झाली होती का?" लेकीसमोर मला भावाचं सांगावं लागलं. रक्त तपासायला गेलं. तांबड्या पेशी सांभाळणारं एक विकर, एन्झाइम म्हणतात ते, काही मुलांत जन्मतःच कमी असतं, ही उणीव आईकडून मुलाकडे येते, असं त्यांनी समजावलं. एरवी असं मूल ठणठणीत असतं. पण डांबरगोळी किंवा काही औषधं बाधली की पेशी फुटतात आणि कावीळ डोक्यापर्यंत चढू शकते. संध्याकाळपर्यंत उतरली नाही तर रक्त बदलावं लागेल, असंही त्या म्हणाल्या.

बाळ निळ्या उजेडाखाली होतं, डोळ्यांवर पट्टी. मी बाहेर बाकावर बसले. आजवर देवीकडे मागताना मी तिला सगळं नेमकं सांगायची, काय हवं, कधी हवं, कसं हवं. त्या दुपारी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. एवढंच म्हणाले, "माउली, तुझी साडी मी सोडली. आता पोरगं तुझं. ठेवायचं तसं ठेव." रडू आलं, पण मन हलकं झालं, हेही खरं.

संध्याकाळी कावीळ थोडी उतरली होती. रक्त बदलावं लागलं नाही. दवाखान्यात पाच दिवस काढून घरी आलो, सोबत तपासणीचा कागद आणि टाळायच्या औषधांची यादी. डांबरगोळीचं नाव त्यात मी माझ्या हातानं लिहिलं.

आता कुणी विचारतं, ती बाई कोण होती? मी काय सांगू. बाई होती, भाच्याचं दुखणं बघितलेली. पंचा परत द्यायला मी दोनदा पिरनवाडीच्या थांब्यावर उतरले, ती भेटली नाही.

साडी घेऊन देवळात गेले तेव्हा गुरवाला सगळं सांगितलं. त्यानं ओटीत आलेल्या साड्यांची पेटी उघडली, तर तिथेही मूठभर डांबरगोळ्या. आम्ही दोघांनी त्या वेचून काढल्या, साड्या उन्हात टाकल्या, पेटीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घातला. आता बाळंतिणीसाठी साडी न्यायला बाई आली की गुरव सांगतो, आधी धुऊन घे, माउली रागवत न्हाय. तो हे माझ्याकडे बघून म्हणतो, आणि मी देवीकडे बघते.