पाळन्यावरची चौथी गोळी

माह्या पोरीनं अमोनिया गिळला. (अमोनिया म्हनजे काय, ते मले धड ठाऊकबी नव्हतं!)

म्या तिच्या तोंडात बोट फिरवलं, उलटी धरून पाठ थोपटली, गोळी काही निघेना! पोरगी खदखदा हासून राह्यली, मी रडून राह्यली.

झालं असं, आमचे हे अनसिंगच्या शाळेत सायन्सचे मास्तर. सासर इंझोरीले, माहेर त्याहून लांब. भाड्याच्या खोलीत दिवसभर मी, तान्ही पोरगी आन चार भिंती. यायनं वर्गात दाखवाले मातीच्या गोळ्यायले खराट्याच्या काड्या टोचून दोन नमुने केले होते, एक मिथेनचा, एक अमोनियाचा. पोरगी रडता थांबेना, घ्यायले दुसरं कोनी नाही. म्या दोन्ही नमुने पाळन्यावर टांगले, चिमन्या टांगतात तसे! जरा चुलीकडं वळली, मंग पाह्यलं त काय! एका नमुन्यात मधल्या गोळ्याले चारी बाजूनं चार गोळ्या. दुसऱ्याले तीनच! तिन्ही खाली वाकलेल्या, तिपाईच्या पायावानी, आन वरची जागा मोकळी. मंग चौथी गेली कुठं?

शेजारच्या गंगूबाई धावत आल्या. "काय गिळलं वं?"

"यायच्या सायन्समधलं!"

"जहर असंन काय?"

"मले काय ठाऊक, माय! मले सातवीतूनच काढलं!"

"केळं खाऊ घाल तिले, गोळी खाली उतरंल."

पोरीनं केळं खाल्लं आन दुसऱ्यासाठी हात पुढं केला!

मंग पोरीले काखेत मारलं, नमुना हातात घेतला, अनवानीच शाळेत पळाली. भर वर्गात घुसली. "आवो, तुमची चौथी गोळी इनं गिळली!"

यायच्या हातचा खडू पडला. पोरीले पाह्यलं, नमुना पाह्यला. "अवं, अमोनियाले तीनच असतात! चौथी नव्हतीच!"

"मंग वरची जागा मोकळी काहून?"

"मोकळी नाही. तिथं इलेक्ट्रॉनची जोडी असते. दिसत नाही."

"दिसत नाही, त ह्या तिघी वाकल्या कायले?"

"एकेक काडी म्हनजेबी एक जोडीच, आन जोड्या एकमेकीले दूर लोटतात. ह्या तीन जोड्यायनं एकेक गोळी धरून ठेवली. वरच्या जोडीले धरायले कोनीच नाही, म्हनून ती पसरून बसते, आन बाकीच्यायले खाली रेटते."

सारा वर्ग हासला. मीबी हासली, आन मंग बाकावर बसून हमसून रडली.

"आता काय झालं?" हे इचारतात.

आता भर वर्गात कसं सांगू, का धरायले कोनी नाही म्हनल्यावर मले त्या जोडीचीच कीव आली?

पन बायायनो, खरं सांगा. घरात इचाराले कोनी नाही, लेकरू बोलत नाही, आन जी गोळी नव्हतीच ती त्याच्या पोटातून काढाची हाये! तुमी काय केलं असतं?