ब्याण्णव ठोके

ओझरच्या विमान कारखान्यात मी सुटे भाग तपासतो. मापात केसाएवढा फरक दिसला तरी भाग परत पाठवतो. त्यामुळे बायकोला दिवस गेल्यावर मी बाळाचे ठोके ऐकवणारं यंत्र ऑनलाइन मागवलं, तेव्हा ते आपल्यालाच जमणार याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती.

डोहाळजेवणाला तर कहर केला. यंत्र स्पीकरला जोडलं. हिरव्या साडीत बायको लाजून चूर आणि हॉलभर घोडा दौडल्यासारखा आवाज. सायखेड्याहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आता दवाखानाच टाका!" हा टोमणा मी पदवीसारखा मिरवला.

डॉक्टरबाईंनी मात्र बजावलं होतं, "हालचाल कमी वाटली तर ते खेळणं लावत बसू नका. सरळ इकडे या." बाहेर पडल्यावर मी बायकोला म्हणालो, "यांचं गिऱ्हाईक तुटतंय ना!"

आठव्या महिन्यात एका रविवारी सकाळी ती म्हणाली, "अहो, कालपासून फारसं हलत नाहीये. दाखवून येऊ या का?"

"थांब, आधी मी बघतो."

पोटाला जेल लावलं, यंत्र फिरवलं. बराच वेळ नुसती खरखर. मग ठोके सापडले. आकडा ब्याण्णव.

"एरवी एकशे चाळीस असतात ना?"

"झोपलंय गं. झोपेत कमीच होतात." हा शोध मी तिथल्या तिथे लावला, आणि मित्रांबरोबर मिसळ खायला गेलो. रस्सा दोनदा मागितला, हेही आठवतं.

संध्याकाळीही ती तेच म्हणाली. मी पुन्हा ब्याण्णव ऐकवले, मोबाइलवर रेकॉर्डही करून ठेवले.

सोमवारी सोनोग्राफी करताना डॉक्टरबाईंनी स्क्रीन आमच्यासमोरून वळवली. बाळ गेलं होतं. मी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावून भांडायला लागलो, "काल तर ठोके होते! ऐका ना!"

त्यांनी ऐकलं. बायकोचं मनगट धरलं. "हे यांचे आहेत," त्या म्हणाल्या. "आईचे."

"काल आलो असतो तर?"

"सांगता येत नाही."

बायकोने मला कधीच बोल लावला नाही. घरी आल्यावर एकदाच विचारलं, "कारखान्यात असा भाग पास केला असता तुम्ही?"

नसता केला. दुसऱ्या मापाने ताडून पाहिला असता. इथे तर यंत्रही लागणार नव्हतं, तिची नाडी धरली असती तरी पुरलं असतं. तिचा हात माझ्या शेजारीच होता.