बळ कोणासाठी कमवायचे

भोयर गुरुजींना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांवर सरकीचे भरलेले पोते आडवे होते.

घाटंजी तालुक्यातल्या त्या गावात शिक्षिका म्हणून माझी पहिलीच नेमणूक झाली होती. यवतमाळहून निघालेली एसटी शाळा भरायच्या पुष्कळ आधी पोचली. शाळेच्या मैदानाला लागूनच एक कौलारू घर होते. त्याच्या अंगणात पन्नाशीकडे झुकलेले एक गृहस्थ ते पोते बाजेवरून उचलत होते, चार पावले चालत होते आणि पुन्हा बाजेवर ठेवत होते. नवल त्या ठेवण्याचे वाटले. पोते टाकायचे म्हटले की माणूस धप्पकन टाकतो. हे मात्र गुडघ्यांतून वाकून, पोत्याला लागू नये अशा बेताने ते अलगद खाली ठेवत होते. मला पाहून त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"नव्या बाई काय? या, बसा. पानी घ्या. मी सदरा घालून येतो."

सदरा घालून आले ते आमचे मुख्याध्यापक श्री. केशवराव भोयर. मनात म्हटले, तालमीचा नाद दिसतो. या वयातही शरीर दाखवायची हौस असते काहींना. त्या वेळी मी चोविशीत होते आणि माणसे चटकन ओळखता येतात असा माझा समज होता.

आज गुरुजी पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. गौरव समितीने मला त्यांच्या आरोग्याविषयी, त्यांच्या नियमित दिनचर्येविषयी लिहायला सांगितले. ते लिहायचे तर आधी सुमनकाकूंविषयी लिहिले पाहिजे, कारण गुरुजींच्या तब्येतीचा पत्ता त्यांच्यापाशीच मिळतो.

सुमनकाकू म्हणजे गुरुजींच्या पत्नी. रुजू झाल्यावर आठवडाभरातच त्यांनी मला चहाला बोलावले. खिडकीशी पलंगावर उशीला टेकून त्या बसल्या होत्या, मांडीवर सुपात तुरीची डाळ. पायांवर पांघरूण. त्या उठल्या नाहीत तेव्हा मला काही कळले नाही. चहा गुरुजींनीच केला, कपबशा त्यांनीच आणल्या. मग त्यांनी पलंगाशी गुडघा टेकला, "सुमन, घेतो बरं आता," म्हणाले आणि काकूंना दोन्ही हातांवर घेऊन दारातल्या आरामखुर्चीत ठेवले. तसेच अलगद.

मी बशी खाली ठेवून अर्धवट उठले. काकू हसल्या.

"काहून व, भेली काय? माह्या पायात जीव नाही. सज्जावर तूर वाळू घालाले चढली होती, तोल गेला. कंबरेखालचं सारं तवापासून झोपलं."

पडल्या तेव्हा त्या तिशीच्या आसपास होत्या. मूलबाळ नव्हते. त्यांचे माहेर बोरी अरबचे. डॉक्टरांनी हात टेकल्यावर भाऊ जीप घेऊन आले. त्यांच्याही मनात खोट नव्हती. बहिणीला घरी न्यावे, गुरुजी तरुण आहेत, त्यांनी दुसरे लग्न करावे, असे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ठरवून टाकले होते.

"माहं लुगडंलत्तं बांधून झालं होतं," काकू सांगत होत्या. "मी बी मनाची तयारी केलती. हे शाळेतून आले, जीप पायली अन् म्हने, 'पाव्हणे, चहा घ्या, जेवन करा, अन् गाडी रिकामीच न्या.' बस. इतकंच बोलले. त्यानंतर त्यावर एक सबद नाही."

गुरुजी खाली मान घालून कपबशा विसळत होते.

"पन पहिल्याच महिन्यात यायनं मले पाडलं!" काकूंना हसू आवरेना. "उचलाले गेले, पाठीत चमक भरली, दोघं बी भुईवर. मी म्हटलं, झालं, आता दोघं बी झोपून राहू. दुसऱ्या दिवशी पायतो त अंगनात सरकीचं पोतं आनलं. कायले? त म्हने, 'तुह्यावर शिकन्यापेक्षा याच्यावर शिकतो.'"

त्या संध्याकाळी माझ्या खोलीवर परतताना मला माझ्या समजुतीची लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाटले ते आश्चर्य. एखाद्या माणसाने दुसऱ्याला उचलता यावे एवढ्यासाठी आपले सगळे शरीर राखून ठेवावे, असे मी तोवर ऐकलेही नव्हते.

पुढे वर्षानुवर्षे मी त्यांची राहणी जवळून पाहिली. पहाटे उठणे, पोते, मग काकूंची अंघोळ, वेणी, दोघांची भाकर. जेवणात जवारीची भाकर, तुरीचे वरण, मिळेल ती पालेभाजी. दिवेलागणीला जेवण आटोपलेले. आमच्या भागात पानठेल्यावरचा तंबाखू-सुपारीचा खर्रा पाहुणचाराइतकाच सर्रास. गुरुजींनी त्याला कधी हात लावला नाही, पण लावणाऱ्याला उपदेशही केला नाही. एकदा केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत शिक्षणखात्याच्या साहेबांनी त्यांना आरोग्यावर बोलायला उभे केले. आम्हाला वाटले, अर्धा तास तरी बोलतील. गुरुजी म्हणाले, "आपलं आंग कोनाच्या तरी कामाचं हाये, येवढं एकदा ध्यानात आलं का बाकीचं सांगा लागत नाही," आणि खाली बसले. सारे हसले. मला हसू आले नाही.

निवृत्तीनंतर त्यांच्याकडे वेगळीच शाळा भरू लागली. तिची सुरुवात झाली प्रल्हाद राठोडपासून. हा त्यांचा जुना विद्यार्थी, गावाजवळच्या तांड्यावरचा. त्याच्या आईला लकवा झाला. अंथरुणावर एका कुशीवर राहून तिच्या पाठीला जखमा झाल्या होत्या आणि हात लावला की ती ओरडत असे.

"गुरुजी, याडीले हात लावाचं भेव वाटते," प्रल्हाद त्यांच्या अंगणात उभा राहून म्हणाला. गोरबोलीत आईला याडी म्हणतात.

गुरुजींनी त्याला आणि त्याच्या बायकोला, सविताला, आत घेतले. स्वतः बाजेवर आडवे झाले, हातपाय सैल सोडले आणि म्हणाले, "उचला मले."

ज्यांच्या नजरेला नजर देण्याची शाळेत कोणाची छाती नव्हती, त्या मुख्याध्यापकांना उचलायचे! दोघेही जागचे हलेनात. गुरुजी बाजेवरूनच ओरडले, "अरे उचला, मी काही गुन मांडत नाही!" मग मात्र सविता पदर खोचून पुढे झाली.

"पाठीवर वजन घेऊ नोको, मांड्यायवर घे. अन् उचलायच्या आंधी सांगत जाय, का आता उचलतो. मानूस हाये तो. त्याले ठाऊक पाह्यजे आपल्याले कुठं नेऊन राह्यले."

त्यानंतर ते रोज सायकलने तांड्यावर गेले. जखमा धुणे, कूस बदलणे, अंघोळ घालणे, सारे हाताला हात लावून शिकवले. प्रल्हादची आई पुढे बरीच वर्षे जगली आणि तिच्या पाठीवर पुन्हा जखम झाली नाही. कळंबपासून लोक त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले. येणाऱ्या प्रत्येकासाठी गुरुजी बाजेवर आडवे होत.

आता सांगते ती गोष्ट पाच एक वर्षांपूर्वीची आहे, आणि ती मी शेवटपर्यंत डोळ्यांनी पाहिली.

कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी पोते उचलतानाच गुरुजींच्या छातीत कळ आली. प्रल्हादने गाडीत घालून त्यांना यवतमाळला नेले. हृदयाची बंद झालेली नळी उघडावी लागली. जीव वाचला, पण अशक्तपणामुळे तीन आठवडे दवाखान्यातच राहावे लागले. मी भेटायला गेले तेव्हा डॉक्टर त्यांना समजावत होते, "यापुढे वजन उचलायचे नाही. पाण्याची बादलीसुद्धा नको."

डॉक्टर गेल्यावर गुरुजींनी भिंतीकडे तोंड फिरवले. "बाई," ते म्हणाले, "यायनं नळी मोकळी करून देल्ली, पन हात बांधून टाकले."

त्यांना इतके खचलेले मी कधी पाहिले नव्हते. त्यातच त्यांचे एक पुतणे नागपूरहून आले. काकूंना तिकडच्या एखाद्या चांगल्या संस्थेत ठेवावे, महिन्या-दोन महिन्यांनी भेटायला नेत जाऊ, असे त्यांनी सुचवले. तेही काळजीपोटीच. गुरुजी हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

इकडे गावात मी आणि सविता काकूंजवळ राहत होतो. संस्थेची गोष्ट कोणीतरी त्यांच्या कानावर घातली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुपारी मला जवळ बोलावून म्हणाल्या, "ज्योती, इतके सालं ह्या मानसानं मले हातावर घेतलं. आता मले उतरा लागते. कसं उतरू, ते सांग."

मला काय ठाऊक? पण दवाखान्यात रुग्णांकडून व्यायाम करून घेणारी एक मुलगी होती. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा तिला गाठून विचारले. तिने काकूंच्या हातांबद्दल, खांद्यांबद्दल खोदून खोदून चौकशी केली आणि म्हणाली, "हातांत जोर असेल तर त्या स्वतः पलंगावरून चाकाच्या खुर्चीत जाऊ शकतील. मध्ये एक गुळगुळीत फळी लागेल. थोडे-थोडे सरकायचे." कसे ते तिने मला करून दाखवले, आणि सुट्टीच्या दिवशी गावात येऊन काकूंना तपासूनही गेली.

काकूंना पटेना. "हे मले आतापर्यंत कोनीच काहून नाही सांगतलं?" मग स्वतःच म्हणाल्या, "अन् मी तरी कवा इचारलं? हे उचलत गेले, मी उचलू देत गेली. माह्या हातायले बी काम असते, हे इसरूनच गेली."

प्रल्हादने यवतमाळहून चाकाची खुर्ची आणली आणि सागाची फळी रंधून दिली. पलंगावरच्या मयालीला, छताच्या आडव्या तुळईला, दोर बांधला. काकू सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या. पहिल्या दिवशी दोराला धरून त्यांना जागचे हलताही आले नाही. नंतर एकदा फळीवरून घसरून त्या थेट खाली आल्या. मी घाबरून रडायलाच लागले. सविताने मात्र गुडघा टेकला, "काकू, उचलतो बरं आता," म्हणाली आणि मांड्यांवर वजन घेत त्यांना वर आणले. काकू धापा टाकत होत्या. "आनखी एकदा," म्हणाल्या. तळहात सोलले, खांदे सुजले, तरी त्या थांबल्या नाहीत. गुरुजींना यातले अक्षर सांगायचे नाही, असे त्यांनी आम्हा तिघांना बजावले होते.

गुरुजींना घरी सोडले तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे आहे. पुतणे बरोबर होते. गुरुजी सावकाश पायऱ्या चढून आत आले आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने पलंगाकडे गेले, वाकू लागले.

"थांबा," काकू म्हणाल्या. "हात लावू नोका."

त्यांनी फळी ओढून घेतली. एक टोक अंगाखाली, दुसरे खुर्चीवर. दोन्ही हात टेकले. एक सरक, थांबणे, श्वास. दुसरी सरक. शेवटी त्या खुर्चीत नीट टेकल्या, पाय हातांनी उचलून खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवर ठेवले आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

गुरुजी मटकन उंबरठ्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. काकूंनी रडू दिले. बऱ्याच वेळाने गुरुजींनी उपरण्याने तोंड पुसले.

"आता माहं काम काय राह्यलं, सुमन?"

"बाजूले बसाचं," काकू म्हणाल्या. "इतक्या वर्सांत तुमी माह्या बाजूले बसलेच कुठं? उचललं, ठेवलं, का चालले दुसऱ्या कामाले."

पुतण्यांनी नागपूरचा विषय पुन्हा काढला नाही. जाताना त्यांनी दोघांच्या पायांवर डोके ठेवले आणि आता दर महिन्याला येऊन जातात.

दीर्घायुष्याविषयी आजकाल पुष्कळ बोलले जाते. काय खावे, किती चालावे, केव्हा झोपावे. गुरुजींनी हे सारे पाळले, पण एका माणसासाठी पाळले, आणि त्या माणसानेही उतारवयात आपले हात त्यांच्यासाठी पुन्हा घडवले. दिलेला शब्द न उच्चारताही जन्मभर पाळता येतो, सेवा घेणाऱ्याचीही मान ताठ राहू शकते, हे मी या घरात शिकले. मी सहकारी म्हणून आले आणि शिष्या होऊन राहिले. या दोघांपुढे आजही माझे शब्द अपुरे पडतात.

हल्ली सकाळी गुरुजी काकूंची चाकाची खुर्ची ढकलत मैदानाला फेरी मारतात. डॉक्टरांनी तेवढी परवानगी दिली आहे. शिकायला येणाऱ्यांना गुरुजी उचलणे शिकवतात, आणि उचलून न घेता सरकणे काकू.

हा लेख लिहायला घेण्यापूर्वी मी त्यांच्याकडे गेले होते. शुभेच्छा काय द्याव्यात, असे गुरुजींनाच विचारले. काकू अंगणात भाजी निवडत होत्या. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून गुरुजी हळूच म्हणाले, "मले तिच्यामागून जाऊ द्या, येवढंच मागा. मी आंधी गेलो त तिचं कोन करन?"

निघताना काकूंनी हात धरून थांबवले. "काय म्हने ते?" मी सांगितले नाही. त्या माझ्या कानाशी वाकल्या. "तू लेहून राह्यली न? मंग असं लेह्य, का मले त्यायच्यामागून ने. हा मानूस एकटा राह्यला त जेवनार नाही, ज्योती."

वाचकहो, या दोन मागण्यांपैकी कोणती पुढे करावी, हे मला ठरवता येत नाही. म्हणून आपण सर्वांनी मिळून एवढेच मागू या, की हा निवाडा करायची वेळ फार फार उशिरा येवो, आणि तोवर भोयर गुरुजी निरोगी राहोत, काकूंच्या बाजूला बसलेले असोत.