मिठाच्या पाण्यातली बाजरी

कवठे येमाईच्या अंजना ओहोळची शाळा चौथीत सुटली. पण बाजरीच्या रानात तिच्या नजरेतून काही सुटत नाही. गेली सतरा वर्षं ती सीड प्लॉटात भेसळ काढते. कंपनीच्या बियाण्यासाठी पेरलेल्या बाजरीत ओळीओळीनं फिरायचं, वेगळ्या जातीचं झाड दिसलं की उपटायचं, रोगट कणीस दिसलं की कापून पोत्यात टाकायचं, असं ते काम. आठ बायांची टोळी ती चालवते.

गेल्या भादव्यात टोळी इनामगावला होती, सोपानरावांच्या तीन एकरांत. नराच्या ओळींना फुलोरा उशिरा आला, मादीची कणसं परागाविना तशीच उघडी राहिली, आणि त्यातच आठ दिवस भुरभुर पाऊस लागला. चौथ्या ओळीत अंजनाच्या बोटांना चिकट लागलं. तिनं कणीस फिरवून बघितलं. मधासारखे गुलाबीसर थेंब, त्यावर मुंग्या.

"सुरेखा, इकडं ये," तिनं जावेला हाक मारली. "अरगट हाय."

रस्त्याकडनं कमी होतं. नदीच्या अंगाला मात्र दहातलं एक कणीस रोगानं धरलेलं. दुपारपर्यंत दोन पोती भरली. तेवढ्यात कंपनीचा सुपरवायझर सत्यजीत मोटारसायकलवरनं आला. पोत्यात डोकावून म्हणाला, "मावशी, एवढं कापलंत तर राहील काय? परवा तपासणी आहे. रस्त्याकडच्या ओळी साफ करा, बास. आत जाऊ नका."

"आन् आतलं?"

"आतलं मशिनीत निघतं."

"समदं न्हाई निघत, साहेब. ह्या थेंबांचं पुढं काळं खडं व्हत्यात, त्येचं बारीक तुकडं बियासंगं जात्यात. ज्येच्या रानात पडतील त्येला पुढच्या साली ह्योच रोग."

"ते कंपनी बघेल. तुम्ही सांगितलेलं करा."

अंजनानं विळा उचलला आणि नदीकडच्या ओळीत शिरली. सातही बाया तिच्या मागं गेल्या. सत्यजीत बांधावरनं ओरडत राहिला. संध्याकाळी त्यानं सांगून टाकलं, उद्यापासून ही टोळी नको. आतल्या बऱ्याच ओळी तशाच राहिल्या.

तपासणी झाली. रस्त्याकडच्या ओळी स्वच्छ होत्या, प्लॉट पास झाला. सोपानरावांनी काढणी केली, मळणी केली, माल कंपनीच्या गोदामात गेला. तिथं मशिनीतनं काढल्यावरही बियात काळे तुकडे राहिले. सगळा माल नापास होऊन परत आला.

दिवाळीच्या आधी एका सकाळी अंजनाच्या गावी, बौद्धवाड्यात टेम्पो आला. विहाराशेजारी बाजरीची सहा पोती उतरली. ड्रायव्हर म्हणाला, "सोपानआप्पांनी पाठवलीत. बियाला चालत न्हाई, खायला झ्याक हाय. तुमच्या बायांनी वाटून घ्या."

बाया खूश झाल्या. दोघीतिघी घमेली घेऊन आल्यासुद्धा. अंजनानं पोत्यात हात घातला, मूठभर दाणे तळहातावर पसरले आणि नखानं एक काळपट, टोकदार खडा बाजूला केला.

ती नऊ वर्षांची असताना असलीच बाजरी मजुरीत घरी आली होती. भाकरी खाल्ली आणि अख्खी आळी ओकायला लागली. पोरं चक्कर येऊन पडत होती. आजी दोन दिवस झोपेतनं उठेना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं दाण्यातले काळे खडे दाखवून सांगितलं, हे विष आहे. बाजरी देणाऱ्याकडं जाऊन कुणी ब्र काढला नव्हता. तिच्या वडलांनी तर उरलेली निवडून पुन्हा दळली होती.

"घमेली खाली ठेवा," अंजना म्हणाली. "आन् तू, पोती परत टाक टेम्पोत. आमी बी येतोय."

सोपानराव अंगणात चहा पीत होते. आठ बाया टेम्पोतनं उतरलेल्या बघून त्यांनी कप खाली ठेवला.

"काय गं अंजना? पुरंना का?"

"आप्पा, बादली द्या. आन् मीठ."

"मीठ कशापायी?"

"बघा की."

दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ तिनं काठीनं ढवळून विरघळवलं आणि वरनं बाजरी ओतली. टपोरा दाणा तळाशी गेला. वर तरंगत राहिला काळा थर. तिनं तो ओंजळीत भरून घेतला आणि सोपानरावांच्या समोर धरला.

"ह्ये तुमच्या घरात शिजवाल का?"

सोपानरावांनी ओंजळीकडं बघितलं. त्यांची सून दारात आली होती, तीही बघत होती.

"मला ठावं नव्हतं," सोपानराव म्हणाले. "फेकण्यापेक्षा कुणाच्या पोटात जाईल म्हणलं."

"कुणाच्या पोटात? बियाला चालंना, कंपनीला चालंना, मंग आमाला कसं चालंल? रोग हाय म्हणलं तवा आमाला हाकललं. आता त्योच रोग घरपोच धाडता व्हय?"

"अगं, हळू बोल."

"न्हाई बोलणार हळू."

सहाही पोती बाया तिथंच ठेवून आल्या. दुसऱ्या दिवशी सोपानरावांनी बांधाच्या कडेला कमरेएवढा खड्डा खणून त्यात ती गाडली. रानात गळलेले खडे खाली गाडले जावेत म्हणून रान खोल नांगरून घेतलं, जे अंजनाची टोळी दर वर्षी बांधावरनं सांगायची. माफी त्यांनी मागितली नाही. अंजनानंही त्यांच्या अंगणात पुन्हा पाय ठेवला नाही.

पण गोष्ट सगळीकडं पसरली. दौंडकडं भांडगावात घरचं बियाणं करणाऱ्या शेतकऱ्यांनी तिला बोलावलं, अरगट ओळखायचा कसा ते दाखवायला. ती सुरेखाला घेऊन गेली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, बाई, तुमचं शिक्षण किती? "सतरा वर्षं," तिनं सांगितलं आणि पुढचं कणीस उचललं.

यंदा पेरणी झाल्यावर सत्यजीतचा फोन आला. बोलणं एकदम गोड. "मावशी, तुमच्यासारखं काम कुणाला जमत नाही. या की परत."

"येते," अंजना म्हणाली. "पण लिहून द्या. टोळी परतेक ओळीत शिरंल आन् रोगट दिसंल ते समदं कापंल. आडवायचं न्हाई."

"असं लिहून कुणी देतं का, मावशी?"

"मंग ऱ्हाऊ द्या."

त्यानं अजून लिहून दिलेलं नाही. आठ बाया सध्या कांद्याच्या लागणीला जातात. वाकून वाकून कंबर धरते, मजुरीही थोडी कमीच. टोळीतली एकही बाई अजून फुटलेली नाही.