पुष्पलताबाईंचे केस

ईश्वरदासांचं डोकं ऐन तिशीतच चकचकीत झालं होतं. घरातले केस म्हणून जे काही होते, ते सगळे पुष्पलताबाईंच्या वाट्याला आले होते. कमरेखाली जाणारे, म्हातारपणीही दाट. त्यामुळे नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्या दोन खोल्यांत ते केस काढून टाकायची गोष्ट निघाली, तेव्हा या शांत माणसाने चहाचा कप असा आदळला की बशी फुटली.

गोष्ट काढली होती मीराबाईने. पुष्पलताबाईंना पक्षाघाताचा झटका आला, उजवं अंग गेलं, वाचाही गेली. तेव्हापासून त्यांचं अंग पुसायला, कपडे बदलायला मीराबाई सकाळी यायची. बाई कामाला चोख आणि तोंडाने फटकळ. अंथरुणावर डोकं धुवायचं म्हणजे शाम्पूचा फेस काढायला पाणी पुरायचं नाही. तो मुळाशी तसाच वाळायचा. मग खाज, खाजेच्या खपल्या आणि खपल्यांखाली ओल.

"मशीन फिरवून टाका ना जी," मीराबाई म्हणाली. "यायलेबी आराम अन् मलेबी."

मुलगा अभिजीत मान डोलावू लागला. मिहानमधल्या नोकरीवरून थकून येणाऱ्या माणसाला सुटसुटीत उपाय पटतोच.

"मी जित्ता असताना तिचं डोकं भादरता?" ईश्वरदास ओरडले. "सवाष्ण बाई हाय थे! लोक काय म्हनतील?"

लोकांचं नाव पुढे केलं की आपलं दुखणं झाकता येतं. खरं तर या माणसाचा त्या केसांवर जीव होता. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, अंगणात केस वाळवत बसलेली बायको दारातून दिसावी म्हणून त्यांनी घरातल्या हातमागाचा, पाय सोडून विणायला बसायचा खड्डा बुजवून दुसरीकडे खणला होता. वडिलांना कारण सांगितलं उजेडाचं. वडील काय समजायचं ते समजले.

आता माग गेले, ते घरही गेलं. पण कोष्ट्याच्या, म्हणजे विणकराच्या, पोराला रिठा शिकवावा लागत नाही. कच्च्या रेशमाच्या लडी रिठ्याच्या पाण्यात उकळल्या की त्यांचा चिकटा सुटतो आणि आतली झळाळी वर येते. ईश्वरदासांनी आयुष्यभर तेच केलं होतं. ते इतवारीच्या बाजारात गेले, रिठे आणि शिकेकाई घेऊन आले आणि सुनेच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. रिठे भिजवले, उकळले, कुस्करले, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळले. आणि हाताच्या सवयीने त्यात पापडखार टाकला. रेशमाला टाकतात तसा.

"बाबा, आधी थोडंसं लावून पाहू का?" सून दामिनी म्हणाली.

"रेशीम धुतलं हाय मी बेटा, रेशीम." त्यांनी पाण्यात बोटं बुडवून पाहिली. काहीच चुरचुरलं नाही. चुरचुरणार कसं? ती बोटं उभ्या जन्मात उकळत्या रंगात आणि खळीत शिजून निघालेली. त्या कातड्याला विचारून बायकोच्या जखमांचा निकाल लावला या शहाण्याने!

पलंगाच्या कडेवरून डोकं खाली घेऊन, घमेलं मांडून, त्यांनी स्वतः केस धुतले. पुष्पलताबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"पाह्य कशी रडून राहिली," ते कौतुकाने म्हणाले. "आवडलं तिले."

दुसऱ्या दिवशी डोकं लालभडक झालं होतं, कानामागे कातडं सोललं होतं. मीराबाईने पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बैल धुतानाबी मानूस त्याच्या डोयाकडे पाह्यते जी," ती म्हणाली. ईश्वरदास जिन्यात जाऊन बसले आणि भाजी घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांसमोर लहान पोरासारखे रडले. तिला आग होत होती, आणि आपण कौतुक करत होतो. ही लाज त्यांना जेवू देईना.

डॉक्टरने मलम दिलं. अभिजीतने केस कापायचं मशीन चार्जिंगला लावलं. ईश्वरदासांनी मुलापुढे हात जोडले. "एकडाव अजून पाहू दे. चुकलो मी."

या वेळी खार नव्हता. रिठे नावाला, शिकेकाई जास्त, सोबत वाळलेला आवळा आणि खालच्या कुंपणावरच्या जास्वंदीची पानं. ते पातळ पाणी आधी स्वतःच्या टकलावर चोळलं आणि दिवसभर तसंच वाळू दिलं. टक्कल चरचरलं, की शिकेकाई बदलायची, पाणी वाढवायचं, पुन्हा चोळायचं. बिल्डिंगमधली माणसं म्हणायची, "काय गा ईश्वरदास, केस उगवून राह्यले का?" ते म्हणायचे, "उगवतीन, उगवतीन," आणि डोकं पुढे करायचे.

स्वतःचं टक्कल चरचरेनासं झालं, तेव्हा त्यांनी पुष्पलताबाईंच्या डोक्याला ते पाणी लावलं. नितळ पाण्यात ते सहज निघून जाई. खपल्या सुटल्या, ओल थांबली, खाज गेली. अभिजीतने मशीन कपाटात ठेवून दिलं. मग दर रविवारी सकाळ त्याच कामाची झाली. रिठ्याने केस रखरखीत होतात, गुंततात. ईश्वरदास एकेक गुंता बोटांनी सोडवत बसायचे, तुटका धागा जोडावा तितक्या सबुरीने, आणि जुन्या गोष्टी सांगायचे. असा नवरा सात जन्म मिळो, असं शेजारणी म्हणू लागल्या. ते त्यांच्या कानावर पडलं आणि, खोटं कशाला बोला, थोडं डोक्यातही गेलं.

याच दिवसांत रितिका नावाची मुलगी पुष्पलताबाईंना बोलायला शिकवायला येत होती. 'पानी', 'नको', असे शब्द परतू लागले होते. एका रविवारी ईश्वरदासांनी घमेलं मांडलं, फणी उचलली, तोच पुष्पलताबाईंनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं.

"केस... कापा."

"काहून वं? आता तं एकबी खपली नाई."

पुष्पलताबाईंनी बराच वेळ शब्द शोधला. "मान... दुखते."

"कवापासून?"

"पयल्यापासून."

पलंगाच्या कडेवर लोंबकळती मान. रविवारची अख्खी सकाळ. दर रविवारी. ईश्वरदासांच्या हातातली फणी खाली आली.

"मंग सांगितलं काहून नाही?" ते बोलून गेले आणि जिभेवर चटका बसावा तसे थांबले. जिला बोलता येत नव्हतं तिला हे विचारत होते.

पण तिने उत्तर दिलं. "तुमी... खुश होते."

दामिनीने तोंड फिरवलं. ईश्वरदास खुर्चीत टेकले. खार तरी अजाणता पडला होता. या रविवारांचं काय म्हणायचं? त्यांनी घाव बरे केले होते, हे खरं. पण त्या केसांसाठी तिच्या मानेवर इतके दिवस जे ओझं राहिलं, ते त्यांना दिसलंच नव्हतं.

"सवाष्णीनं असं..." ते पुटपुटले.

पुष्पलताबाईंनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांचं वाक्य न अडखळता आलं.

"केस माये हायेत."

मीराबाई पुढे झाली, तिला ईश्वरदासांनी हाताने थांबवलं. कात्री त्यांनीच आणली. वेणी घातली, मानेजवळ घट्ट बांधली आणि कापली. कातडीला धक्का लागला नाही. वेणी त्यांनी दामिनीच्या हातात दिली. वेणीकडे पुन्हा पाहिलं नाही.

मग त्यांनी बायकोला उशांच्या आधाराने बसतं केलं, मानेखाली टॉवेलची घडी दिली. केस आता इतके थोडे होते की तांब्याभर पाणी पुरलं असतं. त्यांनी रिठ्याचं कोमट पाणी तांब्यात घेतलं, ओतायला वाकले, आणि थांबले.

"टाकू का वं?"

शब्द सापडायला पुष्पलताबाईंना वेळ लागत होता. ईश्वरदास तांब्या हातात धरून उभे राहिले.