तिरफळाचा राखणदार

आमच्या डोंगराकडच्या जमिनीकडे दोन वर्षं कोणी फिरकलं नाही. बायको गेल्यावर मीच गेलो नाही, तर दुसरं कोण जाणार? रानमोडी डोक्याच्या वर गेली. शेवटी पर्वरीला राहणाऱ्या मुलाने ट्रॅक्टर पाठवला. हरमलला जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या तिथे लावायच्या, असं त्याने ठरवलं होतं.

ट्रॅक्टरच्या मागे लोखंडी पात्यांचं धूड. पाती गरागरा फिरायची आणि मनगटाएवढी झुडपं भुगा होऊन मागे पडायची. बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण वरच्या कोपऱ्यात बायकोचं तिरफळाचं रोप होतं. बांगड्याच्या आमटीसाठी शेजारणीकडे किती वर्षं तिरफळं मागायची, म्हणून तिने जायच्या आधीच्या पावसात ते लावलं. आता कमरेएवढं झालेलं, अंगभर काटे. परक्याला रानच वाटणार.

ड्रायव्हर बेळगावकडचा. त्याला म्हटलं, "तो कोपरा सोड."

"मालक सगळं सपाट कर म्हणल्यात, काका."

मालक म्हणजे माझा मुलगा. जमीन माझी, पण फोन त्याचा. आता परक्या माणसापुढे बायकोचं सांगून रडत बसू?

म्हटलं, "कर. माझं काय जातं! तिथे राखणदार आहे. दिसत नाही, पण जागा राखतो. मागचा ड्रायव्हर अजून वाकडा चालतो."

मागे कोणी ड्रायव्हर आलाच नव्हता.

त्याने इंजिन बंद केलं, चपला काढल्या. "त्याला काय लागतं ओ?"

"रोट, विडी आणि थोडी काजूची दारू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं हजर. रोट मिळाला नाही म्हणून पोदेराच्या भट्टीतले पाव आणलेले. "चालतील न्हवं?"

"चालतील. ताजे आहेत ना?"

ट्रॅक्टर खालच्या बाजूला गेल्यावर मी राखणदाराचं काम उरकलं. दुपारी रिकामी बाटली बघून त्याने हात जोडले.

"पावला?"

"पावला. उद्या जरा जास्त घाल म्हणाला."

तिसऱ्या दिवशी शेजारीण तिथे पणती लावून गेली. ड्रायव्हरने मुलालाही फोन केला असणार, कारण दुपारी तो तणतणत आला. ड्रायव्हर जेवायला गेला होता.

"बाबा, आमच्या जाग्यात राखणदार कधीपासून?"

"तू फ्लॅटात राहतोस. तुला काय कळवणार तो?"

त्याने माझ्या तोंडाचा वास घेतला. मग कोपऱ्यात गेला, रानमोडी बाजूला केली आणि हात झटकन मागे घेतला. अंगठ्याला रक्त.

"हे आईचं?"

"मग काय माझं? मी जन्मात काय लावलंय?"

तो तिथेच उकिडवा बसला आणि रोपाभोवतीची रानमोडी उपटली. मग ड्रायव्हरला फोन लावला. "वरच्या कोपऱ्यापासून दहा हात लांब राहा. चार गाड्या कमी लागल्या तर लागल्या. आमचा राखणदार तापट आहे."

फोन ठेवून माझ्याकडे वळला. "आणि त्याला सांगा, उद्यापासून नुसते पाव."

म्हटलं, "सांगून बघतो. ऐकेलसं वाटत नाही."